पाणी कुठं मुरतंय : एका जुन्या गाडीच्या जड स्टेअरिंगचा तपास

[दृश्य : शंभर फुटी रोड, सांगली. सकाळ. अर्धं वर गेलेलं शटर.]

सांगलीचा शंभर फुटी रोड. शेजारच्या दुकानात पत्रा ठोकायला सुरुवात झाली आहे, पलीकडं टायरमध्ये हवा भरली जातेय. या गॅरेजमध्ये मात्र आवाज कमी. इथं इंजिन उतरत नाही, पत्र्याचं काम होत नाही. इथं फक्त वायरी बघतात. म्हणून मालकाला सगळे वायरमन म्हणतात, आणि वयानं लहान असलेले मिस्त्री.

दारात उभी आहे ती छोटी पांढरी गाडी. पंधरा वर्षं कधीच उलटली. मालकीणबाई गावभागातल्या, शाळेतून निवृत्त. तक्रार त्या एका दमात सांगतात.

"स्टेअरिंग मधेच जड होतं. दिवा लागतो. बंद करून चालू केली की सगळं बरं. आणि गॅरेजला आणली की हिला काही झालेलंच नसतं."

[दृश्य : डॅशबोर्ड जवळून. चावी फिरते, पिवळा दिवा लागतो, इंजिन सुरू होतं, दिवा विझतो.]

हा तो दिवा, स्टेअरिंगच्या बिघाडाचा इशारा देणारा. चावी फिरवल्यावर लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझलाच पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी तो मुद्दाम काढून ठेवलाय. जुनी गाडी घेताना हे जरूर बघावं.

आज तो शहाण्यासारखा विझला.

याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली आहे. एकानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं आख्खा स्टेअरिंग कॉलम बदलायला सांगितला, खर्च पाच आकडी. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मिस्त्री म्हणाले नाहीत. आम्ही म्हणतोय.

[दृश्य : बाकावर कापून उघडलेला जुना कॉलम. दातेरी चाक, मोटर, तांब्याच्या तारा.]

मिस्त्रींनी एक निकामी कॉलम कापून ठेवलाय, शिकाऊ पोरांना दाखवायला. म्हणून आम्हालाही आत काय असतं ते बघता आलं.

पूर्वीच्या पॉवर स्टेअरिंगला तेल, पंप आणि पट्टा लागायचा. इंजिन सुरू असेपर्यंत पंप फिरत राहायचा, वळण असो वा नसो. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत तेलाऐवजी विजेवर चालणारं स्टेअरिंग आलं. आपल्याकडं ते २००० नंतर छोट्या गाड्यांमध्ये रुळलं.

हा बारीक पोलादी दांडा बघा. चाक फिरवलं की रस्त्यावरचा टायर लगेच वळत नाही, आधी हा दांडा किंचित पिळला जातो. किती पिळला, ते शेजारचा टॉर्क सेन्सर मोजतो. कंट्रोलर त्या हिशेबानं मोटरला करंट सोडतो आणि मोटर या दातेरी चाकातून आपल्या हाताला जोर देते. गाडी हळू असेल तर जास्त, पळत असेल तर कमी. गाडीचा वेग कळायला गिअरबॉक्सवरच्या सेन्सरची वायर येते. इंजिन चालू आहे की नाही, हे सांगणारी आणखी एक.

म्हणजे जोर हवा तेव्हाच वीज लागते, पण लागते तेव्हा भरपूर लागते. गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात. उभ्या गाडीत चाकं कडेपर्यंत वळवली तर ही एवढीशी मोटर ३० अँपिअरच्याही पुढं जाऊ शकते. हा आकडा लक्षात ठेवा.

काही गडबड वाटली की कंट्रोलर मोटरला सोडून देतो आणि दिवा लावतो. दांडा लोखंडाचा, जोडलेलाच असतो; गाडी वळते, पण हाताच्या ताकदीवर.

[दृश्य : मिस्त्री आणि बाई, गाडीच्या बॉनेटला टेकून.]

बॉनेट उघडायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न. सकाळी होतं का दुपारी? वळताना का सरळ रस्त्यावर? खड्ड्यात? एसी चालू असताना? त्याच वेळी वेगाचा काटा खाली पडतो का?

हा शेवटचा प्रश्न खोचक आहे. काटा आणि स्टेअरिंग एकदम गेले, तर संशय वेगाच्या सेन्सरवर. इथं काटा पडत नाही. तो धागा संपला.

आणखी एक शंका त्यांनी काढून टाकली. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं फिरवत राहिलं, तर मोटर तापते आणि कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो. स्टेअरिंग जड होतं, पण दिवा लागत नाही, आणि थंड झालं की पूर्ववत. तो बिघाड नव्हे. बाईंच्या गाडीत दिवा लागतो.

[दृश्य : पुढची चाकं जॅकवर. मिस्त्री एका हातानं स्टेअरिंग फिरवतात.]

इंजिन बंद, चाकं हवेत. स्टेअरिंग कुठं अडकतंय का, खाचखाच लागतेय का? जॉइंट सुकला असला तर बिचाऱ्या विजेवर आळ येतो. इथं सगळं सारखं फिरतंय. टायरची हवाही बरोबर.

मग कोड, म्हणजे कंट्रोलरनं टिपून ठेवलेला बिघाडाचा आकडा. या जुन्या सुझुकी पद्धतीत स्कॅनर नसला तरी चालतं. कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगच्या, ठरावीक पिनला अर्थ दिला, म्हणजे ती गाडीच्या पत्र्याला जोडली, की दिवाच मिचकावून आकडा सांगतो. आधी दहाचे लुकलुकाट, जरा थांबून मग एकाचे. १२ आला तर सगळं ठीक.

आला तो टॉर्क सेन्सरचा कोड. याच कोडवर कॉलम बदलायला सांगितला होता.

मिस्त्री मान हलवतात. "कोड खरा हाय, पर अर्धा. सेन्सरकडनं चुकीचं आलं एवढंच त्यो सांगतोय. का आलं, ते आपण बघायचं."

[दृश्य : मल्टिमीटरचा आकडा, पूर्ण पडदा भरून.]

बॅटरी, इंजिन बंद : १२.६ व्होल्ट. चालू : १४.१. दोन्ही आकडे निरोगी. नवी बॅटरी निर्दोष, आणि बहुधा जुनीही निर्दोष होती.

आता अर्थ, म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडं परतणारी वाट. प्रत्येक वायरमनकडं मीटरचा बीप असतो. वायरीच्या दोन टोकांना लावला, वाजला, म्हणजे वायर चांगली, असं मानतात. मिस्त्रींनी आम्हाला तो बीप ऐकवला. छान वाजला. मग म्हणाले, "ह्याच्यावर जाऊ नका."

बीप वाजवताना मीटर वायरीतून नावापुरता करंट सोडतो. तेवढ्याला गंजलेला जोडही वाट देतो. प्रश्न ३० अँपिअरचा आहे. जोडात ०.०३ ओहमचा अडथळा असला, तर साधा मीटर तो दाखवतसुद्धा नाही. पण ३० अँपिअर वाहायला लागले की तिथं ०.९ व्होल्ट अडकतात. चांगल्या अर्थला ०.२ च्या आत राहायला हवं.

म्हणून मोजायचं ते काम चालू असताना. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कंट्रोलरच्या अर्थच्या वायरीला. इंजिन चालू, हेडलाइट, पंखा, वायपर, सगळं चालू. शिकाऊ पोरगा स्टेअरिंग कडेपर्यंत पिळतो.

०.१. ०.४. ०.९. चाक सोडलं की पुन्हा ०.१.

[दृश्य : काचेच्या फटीतून आत गेलेली लांब लाल वायर. डॅशबोर्डवर पॅकिंग टेपनं चिकटवलेला मीटर. गाडी रस्त्यावर.]

दिवा अजून लागलेला नाही, आणि गॅरेजमध्ये तो लागणारही नाही. म्हणून मीटर गाडीतच बांधून सगळे बाहेर पडले. आमचा कॅमेरा मागच्या सीटवर. विश्रामबागकडं जाताना बराच वेळ काही घडलं नाही. ते चित्रण तुम्हाला दाखवत नाही.

हे मात्र बघा. वळण घेता घेता गतिरोधक. आकडा ०.८ वरून ३ च्या वर. त्याच क्षणी दिवा. मिस्त्रींचे दोन्ही हात चाकावर ताणले गेलेले दिसतात.

पुन्हा एकदा, हळू करून. गतिरोधक. आकडा. दिवा.

हादऱ्यानं जोड हलला, कंट्रोलरच्या वाट्याचे तीनेक व्होल्ट तिथंच अडकले, आणि उरलेल्या दहा-अकरा व्होल्टवर सेन्सरचा हिशेब चुकला. कंट्रोलरनं काम सोडलं. चावी बंद-चालू केली की त्याच्या लेखी सगळं नव्यानं सुरू.

[दृश्य : ड्रायव्हरच्या पायाजवळची प्लास्टिकची पट्टी निघते. गालिचा उचलला जातो.]

यावर आम्ही बोलत नाही. बघा.

[दहा सेकंद निवेदन नाही. सुकून भेगाळलेला काळा गाळ. त्यात अर्धवट बुडालेला अर्थचा बोल्ट.]

कृष्णेचा गाळ. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. बाईंनी गाडी वेळेत उंचावर हलवली होती. तिथंही पाणी आलं, दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत. नंतर सीट धुतल्या, मॅट वाळवले, गाडी सुरू झाली. या पट्टीमागं कुणी बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं, कारण पुढं बरीच वर्षं गाडी बिनतक्रार चालली.

मोटर, सेन्सर आणि दातेरी चाक, ज्यांच्यासाठी पाच आकडी खर्च सांगितला होता, ते सगळं वर, चाकामागं. तिथवर पाणी पोचलंच नव्हतं. नवा कॉलम बसवला असता, तरी त्याची अर्थ याच बोल्टवरून गेली असती.

[दृश्य : पान्यावर बोल्ट. वायरीच्या टोकाचं थिंबल, हिरवट पांढरं.]

थिंबल हातात घेतलं तर दोन तारा तुटून खाली पडल्या. मिस्त्री वायर मागं मागं कापत जातात, आतलं तांबं लख्ख दिसेपर्यंत. पहिल्या कापात काळं, दुसऱ्यात काळपट, तिसऱ्यात लाल. तिथं नवं थिंबल दाबून बसवलं. बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरनं घासला, रंग उडून चमक येईपर्यंत, कारण रंगावर कसलेली अर्थ म्हणजे नसल्यासारखी. बोल्ट नवा. वरून पेट्रोलियम जेलीचा थर.

इथं बहुतेकांनी गालिचा परत टाकला असता. मिस्त्री डॅशबोर्डखाली आडवे होतात. हातात घरचा हेअर ड्रायर.

गरम हवा कंट्रोलरवर सोडायची, कारण काही बिघाड आतला सोल्डरचा जोड तापल्यावरच दिसतात. कंट्रोलर तापला, काही झालं नाही. मग प्रत्येक कपलर बोटानं हलवायचा. टॉर्क सेन्सरच्या कपलरला हात लागताच दिवा.

आधी कुणीतरी टेस्ट लॅम्पची जाड सुई समोरून पिनमध्ये खुपसली होती. पिनचं तोंड फाकलं. तपासणाऱ्यानंच ठेवून गेलेला बिघाड. मिस्त्री कपलरच्या मागच्या बाजूनं शिवणाची सुई घालून मोजतात, ते यासाठीच. फाकलेली पिन बारीक पकडीनं आवळली, कपलर टचकन बसला. आता कितीही हलवा.

[दृश्य : मीटर. सगळे दिवे, एसी, वायपर चालू. स्टेअरिंग कडेपर्यंत.]

०.०८.

हा बिघाड होता तोवर बाईंनी गाडी चालवणं जवळपास सोडलं होतं. एकदा ती दुभाजकाला घासली, कुणाला लागलं नाही.

[दृश्य : आयर्विन पूल, संध्याकाळ. बाई स्वतः गाडी चालवताहेत. मग गावभागातल्या अरुंद गल्ल्या, एका हातानं वळणारं चाक.]

१९२९ सालचा आयर्विन पूल, मग गावभाग. याच गल्ल्यांत चाक कडेपर्यंत वळतं, याच गल्ल्यांत मोटरला सगळ्यात जास्त वीज लागते. मीटर अजून डॅशबोर्डवर चिकटलेला आहे. बाईंनी काढू दिला नाही.

[दृश्य : गॅरेजचा काउंटर. मिस्त्री बिल लिहितात.]

बिलावर तीन ओळी : थिंबल आणि बोल्ट, कपलरची पिन, मजुरी. बाई विचारतात, "कॉलमचं मग कधी करायचं?"

"कशाला?" मिस्त्री मान वर न करता म्हणतात. "पावसाळ्यात मॅटखाली ओल ऱ्हाऊ देऊ नका. आन् म्हैन्यानं एकदा आणा, आकडा परत बघू."