पान उलटण्याआधी

[पडदा काळा. चुळबुळ, कुणाचं तरी खोकणं, मग पुस्तक उघडल्याचा आवाज. दृश्य उजळतं: सतरंजीवर अर्धगोल करून बसलेली बालवर्गातली मुलं.]

ताईंनी पुस्तक उघडलंय. पानावर एकच ओळ आहे, ‘आजी मफलर विणते आहे.’ ताईंनी ती वाचली. दोन सेकंदांचं काम. आता खुशाल पान उलटावं. पण ताई उलटत नाहीत. पुस्तक तसंच धरून बसून राहतात.

पुढे बसलेली एक मुलगी गुडघ्यांवर उठते, सरकत सरकत पुस्तकापाशी येते आणि खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवते. तिथे खुर्चीखाली मांजराचं एक पिल्लू आहे. त्याच्या तोंडात लोकरीचं टोक.

“ताई, हा बघ. चोर!”

छापलेल्या ओळीत चोर नाही, पिल्लू नाही, लोकरीचं टोकही नाही.

ताई पान उलटतात. ‘आजी अजून विणते आहे.’ पुन्हा शांतता. या वेळी मागून एक मुलगा ओरडतो, “मफलर छोटा झाला!” आणि खरंच झालाय. आजी वरून विणते आहे आणि पिल्लू खालून उसवतंय. पानागणिक मफलर आखूड होत चाललाय आणि शब्दांना याचा पत्ताच नाही.

[ताई कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. मांडीवर तेच पुस्तक. कण्यावर पांढरी चिकटपट्टी.]

ताई म्हणतात, “दोन वर्षं मी हे पुस्तक वाचत होते. मफलर आखूड होतोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका पोराने दाखवलं. मी आपली ओळी वाचायचे आणि पुढे जायचे.”

आम्ही या वर्गात तीन दिवस कॅमेरा घेऊन बसलो. इथली मुलं चार ते सहा वर्षांची. त्यांना वाचता येत नाही, असं आपण म्हणतो. पण चित्र वाचण्यात ती आपल्या पुढे आहेत, आणि याचं कारण साधं आहे. अक्षरं ओळखीची झाली की डोळा आपोआप अक्षरांकडे धावतो. मुलांच्या डोळ्याला ती सवय अजून लागलेली नाही.

कॅनडातल्या दोन संशोधकांनी हे मोजूनच पाहिलं. मेरी अॅन एव्हान्स आणि जाँ सेंट-ओबँ यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मोठं माणूस पुस्तक वाचून दाखवत असताना चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर पानावर कुठे कुठे फिरते, ते त्यांनी यंत्राने टिपलं. नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर होती. मजकुराकडे ती क्वचितच वळली, पानावर मजकूर कसाही मांडलेला असला तरी.

म्हणजे रोज गोष्ट वाचून दाखवली की अक्षरओळख आपोआप होईल, हा हिशेब चुकतो. अक्षरांकडे लक्ष जावं असं वाटत असेल तर शब्दाखालून बोट फिरवावं लागतं, थांबून ‘हे बघ, इथे लिहिलंय’ म्हणावं लागतं. ताई ते करतात, पण बेताने. एका पुस्तकात एखाद-दुसऱ्या शब्दापुरतं. बाकी सगळा वेळ कान ताईंकडे आणि डोळे चित्राकडे. ही वाटणी मुलांनी स्वतःच केलेली आहे आणि ती मोडायची काही गरज नाही.

[दृश्य: जुन्या लाकडी ठशातून छापलेली चित्रं. चित्रातल्या वस्तूंवर बारीक आकडे.]

चित्र दाखवून शिकवण्याची कल्पना जुनी आहे. १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये एक पुस्तक छापलं गेलं, ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’, म्हणजे डोळ्यांना दिसणारं जग, चित्रांतून. ते करणारा शिक्षक होता योहान आमोस कोमेनियस. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा, आणि त्याच आकड्यापाशी तिचं नाव, लॅटिनमध्ये आणि जर्मनमध्ये. मला सगळ्यात आवडतं ते त्यातलं मुळाक्षरांचं प्रकरण. तिथे अक्षराशेजारी प्राणी आहे आणि त्या प्राण्याचा आवाज आहे. कावळी ओरडते. कोकरू बें बें करतं. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या वर्गात मुलं कावळ्यासारखी ओरडत होती आणि तोच अभ्यास होता!

कोमेनियसच्या पानावर शब्द आणि चित्र एकच गोष्ट सांगतात. आकडा तोच, वस्तू तीच, नाव तिचंच. पुढे चित्रपुस्तकं करणाऱ्यांना एक खोडी सुचली. शब्दांनी एक सांगायचं आणि चित्राने भलतंच. पॅट हचिन्स यांच्या १९६८ सालच्या ‘रोझीज वॉक’मध्ये एक कोंबडी आवारातून फेरफटका मारून परत येते. अख्ख्या पुस्तकाचा मजकूर एका वाक्याचा आहे, इंग्रजीत ३२ शब्द. त्या ३२ शब्दांत कोल्हा कुठेच नाही. चित्रांत मात्र तो पहिल्यापासून तिच्या मागावर आहे आणि दरवेळी कशावर तरी आपटतोय. वाचणाऱ्याने सरळ चेहऱ्याने कोंबडीची गोष्ट वाचायची आणि ऐकणाऱ्यांनी किंचाळून सांगायचं की मागे बघ, मागे बघ!

अशा पुस्तकासमोर मूल शहाणं ठरतं आणि मोठं माणूस थोडं बावळट. बालवर्गात ही अदलाबदल फार मोलाची आहे. कारण एरवी दिवसभर उत्तर बाईंपाशीच असतं.

[दृश्य: ताईंचा हात. पुस्तकाच्या उजव्या कोपऱ्याखाली तर्जनी सरकवलेली, पान किंचित उचललेलं.]

आता या हाताकडे बघा. ताई पुस्तक छातीसमोर धरत नाहीत. डाव्या खांद्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून, खालून कणा तळव्यावर पेलून धरतात. मजकूर त्या तिरक्या नजरेने वाचतात. बराचसा पाठच आहे. मधूनमधून पुस्तक अर्धगोलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात. घाईने फिरवलं तर कडेच्या मुलांना फक्त रंग सरकताना दिसतो. ताईंची पाठ खिडकीकडे कधीच नसते. मागून उजेड आला की मुलं डोळे बारीक करतात आणि गुळगुळीत कागद चमकला की चित्र जातंच. या बारीकसारीक गोष्टी प्रशिक्षणात कुणी सांगितल्या नव्हत्या, असं त्या म्हणाल्या. पहिल्या वर्षी एका मुलाने विचारलं होतं, “ताई, आम्हाला कधी दाखवणार?” त्यानंतर त्यांनी घरी आरशासमोर पुस्तक धरून पाहिलं.

वर्ग मोठा असेल तर साध्या आकाराचं पुस्तक मागच्यांना दिसत नाही. न्यूझीलंडमधल्या डॉन होल्डवे यांनी १९७०च्या दशकात यावर मोठ्ठ्या आकाराची पुस्तकं वापरायला सुरुवात केली. आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाला पान जसं दिसतं, तसं सगळ्या वर्गाला दिसावं, ही त्यामागची कल्पना. ती नसतील तर सहा-सहाचे गट करून तीनदा वाचावं. तीनदा वाचण्याचा कंटाळा येतो, हे खरं आहे.

पण ती उचललेली तर्जनी. पान उलटणार उलटणार असं दिसतंय आणि उलटत नाहीये. चित्रपुस्तकाची सगळी गंमत त्या जागी आहे. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला की पानं सोळाच्या पटीत पडतात, म्हणून सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्म, म्हणजे घडीचे गठ्ठे. शीर्षकपान आणि बाकीचं सोडलं तर गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात. म्हणजे गोष्टीत डझनभर वेळा असा क्षण येतो की पुढचं दिसत नाही आणि हवं मात्र आहे. चित्रकाराला हे ठाऊक असतं. तो दरवाजा उजव्या पानाच्या कडेला काढतो. शेपूट या पानावर ठेवतो आणि धड पुढच्या.

पडद्यावरच्या हलत्या गोष्टीत हे होत नाही. ती मुलासाठी थांबत नाही. एवढंच म्हणतो आणि तो विषय सोडतो.

थांबायचं किती? अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. मग स्वतःच उत्तर देत होते किंवा दुसऱ्याला विचारत होते. हाच वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, मुलं आपणहून बोलू लागली, आणि ज्यांच्याकडून काही येणार नाही असं शिक्षक धरून चालले होते तीही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे फार नाही असं वाटतं. घड्याळ लावून एकदा गप्प बसून पाहा, समोर वीस मुलं असताना. घशाशी येतं.

आणि थांबून विचारायचं काय, हाही प्रश्नच आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या घरी एक प्रयोग केला. दोन्ही गटांतले पालक पुस्तकं सारखीच वाचत होते. फरक एवढाच की एका गटातल्या पालकांनी मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाने म्हटलेलं थोडं वाढवून परत म्हणायचं, मुलाला सांगू द्यायचं. महिन्याभरात त्या गटातली मुलं बोलण्यात बरीच पुढे गेली.

‘थोडं वाढवून’ म्हणजे कसं, ते ताईंकडून ऐकू.

[दृश्य: वर्ग. एक मुलगा चित्राकडे बोट दाखवतो.]

“मनी.”
“हो, मनी. खुर्चीखाली लपलेली मनी.”
“मनी लपली.”
“का बरं लपली असेल?”
मोठा विराम. मुलगा नाक पुसतो.
“आजी रागावेल.”

एका शब्दापासून आजीच्या मनापर्यंत पोरगं पोचलं. ताईंनी त्याला काही शिकवलेलं नाही, निदान दिसेल असं तरी नाही.

आता उलट बाजू. हा रंग कोणता? मांजरं किती? मोज बरं. हे प्रश्न वाईट नाहीत, पण दर पानावर विचारले की गोष्टीची तोंडी परीक्षा होते आणि मुलं ताईंच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागतात. त्याहून वाईट म्हणजे शेवटी विचारलेलं तात्पर्य. ‘तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?’ या वाक्यावर वर्गातला जीव कसा जातो, ते बघायला कॅमेरा लागत नाही. तयार उत्तर येतं, खोटं बोलू नये. गोष्टीत खोटं कुणी बोललेलं नसलं तरी.

[दृश्य: पुस्तकांची पेटी. दोन मुलं एकाच पुस्तकासाठी ओढाताण करतात.]

“परत तेच?” असं आपण वैतागून म्हणतो. मुलांना तेच हवं असतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. गोष्टींत अनोळखी वस्तू होत्या आणि त्यांना नवीन नावं. काही मुलांनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, काहींनी वेगवेगळ्या गोष्टी. नवीन शब्द मात्र सगळ्यांच्या कानांवर तितक्याच वेळा पडले. २०११ साली छापलेला निष्कर्ष असा की, तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. पुढे काय होणार ते माहीत असलं की मन मोकळं होतं आणि आजूबाजूचं बघायला सवड मिळते. मफलरचं आखूड होणं या वर्गातही पहिल्या वाचनात कुणाला दिसलं नव्हतं. ते चौथ्या वाचनात दिसलं.

कोपऱ्यात एक मुलगा बसतो. शाळेत नवा आहे, घरची भाषा वेगळी आहे. तीन दिवसांत तो आमच्यासमोर एक शब्दही बोलला नाही. ताईंनीही त्याला बोलतं करायचा हट्ट धरला नाही. त्यांनी एवढंच केलं, बिनशब्दांचं एक पुस्तक त्याच्या शेजारी ठेवलं. बिनशब्दांच्या पुस्तकात सगळ्यांची भाषा सारखीच कमी असते. दुसऱ्या दिवशी ताई त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि दोघांनी मिळून अख्खं पुस्तक बघितलं. एका पानावर त्याने ताईंचा हात धरला आणि पान उलटू दिलं नाही. चित्रात एक मूल बसच्या काचेला नाक लावून बाहेर बघत होतं. ताईही बघत राहिल्या. किती वेळ, ते चित्रीकरणात मोजता येईल: ४१ सेकंद. मग त्याने स्वतःच पान उलटलं.

[दृश्य: तिसरा दिवस, सुटीची वेळ. वर्ग जवळजवळ रिकामा.]

ताई बाहेर डबे उघडून देत होत्या. सतरंजीवर ती पहिल्या दिवशीची मुलगी, जिने चोर पकडला होता, मफलरचं पुस्तक घेऊन बसलेली. समोर दोन श्रोते, एक तिचा मित्र आणि एक कापडी ससा. पुस्तक तिने डाव्या खांद्याशी धरलेलं, मुलांकडे तोंड करून. जड होतं, सारखं घसरत होतं. वाचता येत नसल्याने ओळ तिने स्वतःचीच म्हटली, “आजीला काहीच माहीत नाही.” मग पुस्तक सावकाश फिरवलं, सशाला दिसेल असं. तर्जनी कोपऱ्याखाली घातली. पान थोडं उचललं.

आणि थांबली.

मित्र म्हणाला, “उलट ना!”

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली.