‘तेवढंच’ नावाचा रकाना

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय छापलाय, ‘अर्थसंकल्पावरील संसदीय चर्चा आणि महागाईपासून दिलासा’. एवढा भारदस्त विषय मी दिला नव्हता. मी फोनवर फक्त म्हणालो होतो, ‘हजार रुपयांबद्दल बोलेन.’ कार्यवाहांना वाटलं, मी मानधनाबद्दल बोलतोय. (हशा) हसू नका, त्यांनी लगेच होकार दिला होता.

संसदेकडे जाऊच, पण आधी अण्णांच्या वहीबद्दल सांगतो. आमचे अण्णा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. तरी महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते पहिली पाळी मागून घ्यायचे, कारण संध्याकाळी पाचला बजेट. इंग्रजांच्या काळापासूनची ती वेळ. 1999 मध्ये यशवंत सिन्हांनी ती सकाळी अकरावर आणली, तेव्हा अण्णा म्हणाले, ‘आता कामावरच्या माणसानं ऐकायचं कधी?’ त्यांच्या लेखी चिंतामणराव देशमुखांनंतर देशाला अर्थमंत्री मिळालाच नव्हता. मुंबईसाठी खुर्ची सोडलेला माणूस, त्यापुढे तुटीचा हिशेब काय विचारायचा!

तर वही. हजेरीपुस्तकाची उरलेली कोरी पानं दाभणानं शिवून केलेली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे ‘महाग’, उजवीकडे ‘स्वस्त’. रेडिओला कान लावून अण्णा लिहायचे आणि आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या फळीवरून सिगारेटची पाकिटं आदल्या दिवशीच अंतर्धान पावलेली असायची. एका वर्षी उजवीकडे आलं, टीव्ही. घरात टीव्ही नव्हता. आई आतून म्हणाली, ‘म्हणजे आपण न घेतलेली वस्तू स्वस्त झाली.’ मग भाकरी उलथता उलथता तिनं विचारलं, ‘आणि जे तेवढंच राहिलं, ते कुठे लिहिता?’

अण्णा म्हणाले, ‘त्याची बातमी नसते.’

मी चौतीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. आईच्या त्या प्रश्नाएवढा नेमका प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही. एकानं विचारला होता, पण त्याला परीक्षेत काय येणार ते हवं होतं.

अण्णा निवृत्त झाले ते कर्मचारी पेन्शन योजना 1995 खाली. ते गेल्यावर आईला विधवा पेन्शन सुरू झालं, महिना सहाशे बारा रुपये. सप्टेंबर 2014 मध्ये सरकारनं या योजनेत किमान हजार रुपये पेन्शन केलं. आईनं पेढे आणले, अगदी पाव किलो. बँकेत यंत्रावर पासबुक छापून आणायची ती कोण हौस! कर्रर्र करून ओळ उमटायची, 1000. पुढच्या महिन्यात 1000. पासबुक संपलं, नवं मिळालं, त्यातही 1000. आता मीच छापून आणतो. वरपासून खालपर्यंत एकच आकडा, जणू शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावलाय.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. यंत्रावर बोट उमटत नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, ‘आजी, अजून दाबा.’ भाकऱ्या थापून बोटं गुळगुळीत झालेली, दाबून काय उमटणार? चौथ्या खेपेला डाव्या अंगठ्यानं साक्ष दिली. परतताना रिक्षात ती म्हणाली, ‘जिवंत आहे म्हणून ठरलं एकदाचं. आता एवढ्यात जगायचं कसं, तेही त्या यंत्राला विचार.’

आता साधा हिशेब. 2014 मध्ये त्या हजारात, दिल्लीच्या दरानं, अनुदानाचे दोन सिलिंडर येत होते, 414 रुपयांना एक, वर 172 रुपये हातात. एप्रिल 2025 मध्ये दिल्लीत घरगुती सिलिंडर 853 रुपये झाला. म्हणजे एक सिलिंडर आणि वर 147. पेन्शन कुणी एक रुपयानंही कापलं नाही, पण एक अख्खा सिलिंडर गेला.

त्याच 2014 च्या जुलैत अरुण जेटलींनी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा दोन लाखांवरून अडीच लाख केली. 2025 मध्ये निर्मला सीतारामन यांनी, नव्या करप्रणालीत रिबेट, म्हणजे करातली सवलत, धरून, बारा लाखांपर्यंत कर शून्य केला. सरकारनं जवळपास एक लाख कोटींचं उत्पन्न सोडलं. माझ्या मुलाला फायदा झाला, मला आनंदच आहे. रात्री त्यानं आइस्क्रीम आणलं, आजीलाही दिलं. त्या दिवशी घरात कुणाचंच खोटं नव्हतं. टीव्हीवर सत्ताधारी म्हणाले ऐतिहासिक दिलासा, विरोधक म्हणाले तुटपुंजा. ‘तेवढंच’चा रकाना कुणी उघडला नाही. त्यात काय काय आहे पाहा. गरीब वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्र देतं तो वाटा 2007 मध्ये महिना दोनशे होता, साठ ते एकोणऐंशी वयासाठी आजही दोनशेच आहे. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंच्या मानधनाचा केंद्राचा आकडा 2009 पासून हजार. राज्यं पदरची भर घालतात म्हणून चालतं. सरकारी नोकर-पेन्शनरांचा महागाई भत्ता मात्र जानेवारी-जुलै, वर्षातून दोनदा हलतो. हो, मीही तो घेतो, समोरच्या रांगेतले निम्मे घेतात, म्हणून टाळ्या पडल्या नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ आणि मूळ विषयाला मी हातही लावलेला नाही.

तर घाईत सांगतो. एक फेब्रुवारीचं भाषण म्हणजे अर्थसंकल्पाची नुसती सुरुवात. पुढे प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणारा प्रस्ताव, लोकसभेत यायला हवी, तिच्यावर चर्चा व्हायला हवी. मागण्या शंभराच्या आसपास, चर्चा होते तीन-चार खात्यांवर. 2025 मध्ये रेल्वे, जलशक्ती, शेती झालं. ठरलेल्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात, माझ्या हातातली चिठ्ठी त्याच जातीची. 23 मार्च 2023 ला तर एकाही खात्यावर चर्चा न होता सुमारे 45 लाख कोटींचा खर्च काही मिनिटांत मंजूर झाला. गोंधळ दोन्ही बाकांवरून चालू होता, त्यामुळे दोष वाटून घ्यायला हरकत नाही.

आईच्या हजाराचा मार्ग श्रम खात्याच्या मागणीतून जातो. बुलढाण्यात या पेन्शनरांनी कित्येक वर्षं साखळी उपोषण केलं, मागणी साडेसात हजार आणि महागाई भत्त्याची. सरकार म्हणतं, निधीत तूट आहे. असेल. मग आकडे सभागृहात मांडा, वाद घाला, नाही म्हणायचं तर उभं राहून नाही म्हणा. त्यासाठी नियमांत सुंदर हत्यार आहे, सांकेतिक कपात सूचना. खासदारानं म्हणायचं, या मागणीतून शंभर रुपये कमी करा, आणि त्या निमित्तानं नेमकी एक तक्रार सभागृहापुढे ठेवायची. गिलोटिन पडलं की न चर्चिलेल्या खात्यांवरच्या या सूचनाही मुकाट गळतात.

स्थायी समित्या, लेखानुदान, या मागण्यांवर राज्यसभेला मतच का नाही, हे सगळं राहिलं. टिपणं आहेत माझ्याजवळ, पुढच्या वर्षी बोलवा.

पुढच्या महिन्यात आपले खासदार याच सभागृहात सत्काराला येणार आहेत म्हणे. हार घालून झाला की कुणीतरी हळूच विचारा, ‘साहेब, श्रम खात्याच्या मागणीवर शंभर रुपयांची कपात सूचना कधी दिली होती का?’ ते बहुधा खिशात हात घालतील आणि म्हणतील, ‘शंभर कशाला, पाचशेची पावती फाडा.’