खुबा पुन्हा निखळू नये म्हणून: हिप रिव्हिजननंतरची काळजी

नमस्कार. ही माझी मूठ बघा, आणि ही दुसऱ्या हाताची खोलगट वाटी. मूठ म्हणजे मांडीच्या हाडावर बसवलेला कृत्रिम गोळा, वाटी म्हणजे ओटीपोटाच्या हाडातली त्याची खोबण. आता मनगट पुढे वाकवून थोडं आत वळवतो... दिसलं? मूठ मागच्या कडेने बाहेर यायला लागली. खुबा निखळतो तो असा. त्यासाठी पडावं लागत नाही, बसल्याबसल्या बूट घालायला वाकलं तरी पुरतं.

खुब्याचा सांधा बदलायच्या पहिल्या ऑपरेशननंतर असं साधारण शंभरात 1 ते 3 जणांना होतं. रिव्हिजननंतर, म्हणजे जुना सांधा काढून नवा बसवल्यावर, धोका कितीतरी पट वाढतो. कारण गोळा वाटीत दाबून धरणारे कुल्ल्याचे स्नायू पुन्हा दुखावलेले असतात. म्हणून सर्जन बरेचदा मोठा गोळा निवडतात, 28 ऐवजी 36 मिलिमीटरचा. तो वाटीतून निसटायला जास्त अंतर सरकावा लागतो. दुसरा उपाय ड्युअल मोबिलिटी: गोळ्यावर प्लॅस्टिकचा आणखी एक फिरता गोळा. ही कल्पना 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये निघाली.

एक गोष्ट पेशंट हमखास सांगायची विसरतात. पाठीच्या मणक्यांचं फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडायचं ऑपरेशन, झालंय का? असेल तर सर्जनला ऑपरेशनआधीच सांगा. कणा ताठ असला की बसताना ओटीपोटाचं हाड मागे कलत नाही आणि सगळं वाकणं खुब्यावर येतं.

आता घरी. चीर मागच्या बाजूने घेतली असेल तर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. त्यामुळे मऊ, खोल सोफा बंद! हात असलेली उंच खुर्ची घ्या, कमोडवर उंच सीट लावा. उठताना आधी पुढच्या कडेपर्यंत सरका, ऑपरेशनचा पाय पुढे सोडा आणि हातांवर जोर देऊन उठा. वळताना पाय रोवून अंग पिळू नका, छोटी पावलं टाका. पायावर पाय नको. झोपताना पायांमध्ये उशी.

चीर पुढून असेल तर नियम जवळजवळ उलटे: पाय मागे नेऊन बाहेर वळवायचा नाही. तेव्हा ओळखीच्या कुणाची पथ्यं उचलू नका. पहिल्या ऑपरेशननंतर हल्ली पथ्यं बरीच सैल करतात, पण तो हिशोब रिव्हिजनला लावू नका. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक.

आणि निखळलाच तर? अचानक कळ येते, पाय आखूड दिसतो, वळलेला असतो, टेकवत नाही. ओढूनबिढून बघू नका. अँब्युलन्स बोलवा. तोवर पाणीसुद्धा पिऊ नका, कारण सांधा बसवायला बहुधा भूल द्यावी लागते.