तिसऱ्या श्रेणीतला बचावपटू: शॉन डाइश

[दृश्य: चेस्टरफिल्ड शहर, चर्चचा कळस, जुन्या सॉल्टरगेट मैदानाची छायाचित्रं]

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये चेस्टरफिल्ड नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या चर्चचा उंच कळस पीळ पडल्यासारखा वाकडा आहे आणि त्याच कळसावरून शहराच्या फुटबॉल क्लबला ‘स्पायराइट्स’ हे नाव पडलं. 1990 मध्ये या क्लबात अठरा-एकोणीस वर्षांचा, तांबड्या केसांचा एक मुलगा दाखल झाला. शॉन डाइश. जन्म 28 जून 1971, गाव केटरिंग.

तो आला होता नॉटिंगहॅम फॉरेस्टमधून. तेव्हा फॉरेस्टचे मॅनेजर होते ब्रायन क्लफ, 1979 आणि 1980 अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप जिंकणारे. त्यांच्या हाताखाली डाइश उमेदवारी करत होता, पण मुख्य संघाकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे पस्तीस वर्षांनी, ऑक्टोबर 2025 मध्ये, याच क्लबाने त्याला मॅनेजर म्हणून बोलावलं. मधली वर्षं कशी गेली, ते आपण पाहणार आहोत.

आपल्याकडे रात्री जागून प्रीमियर लीग पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पण त्या वीस क्लबांच्या खाली इंग्लिश फुटबॉलच्या आणखी तीन व्यावसायिक श्रेणी आहेत, बहात्तर क्लबांच्या. तिथे मंगळवारच्या रात्री, पावसात, काही हजार माणसांसमोर सामने होतात. तिथला सेंटर-बॅक म्हणजे डोक्याने चेंडू परतवणारा, अंगावर फटके झेलणारा आणि नव्वद मिनिटं ओरडून शेजारच्याला जागेवर आणणारा माणूस. डाइश हा असा खेळाडू होता. चेस्टरफिल्डसाठी तो दोनशेहून अधिक लीग सामने खेळला, पुढे कर्णधारही झाला.

[दृश्य: ओल्ड ट्रॅफर्ड, 13 एप्रिल 1997, जुनं चित्रण]

एफए कप, म्हणजे सगळ्या श्रेणींतल्या क्लबांची एकत्र बाद स्पर्धा. तिची उपांत्य फेरी. एका बाजूला तिसऱ्या श्रेणीतलं चेस्टरफिल्ड, मॅनेजर जॉन डंकन. दुसऱ्या बाजूला प्रीमियर लीगमधलं मिडल्सब्रो. त्यांच्याकडे ब्राझीलचा जुनिन्यो होता आणि इटलीचा फाब्रित्सिओ रावानेली, जो वर्षभरापूर्वी युव्हेंटसकडून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोल करून आला होता. चेस्टरफिल्डने वाटेत नॉटिंगहॅम फॉरेस्टला 1-0 ने घरी पाठवलं होतं. डाइशसाठी त्या विजयाची गोडी काय असेल, ते सांगायला नको.

पूर्वार्धातच मिडल्सब्रोचा व्लादिमिर किंडर लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. उत्तरार्धात अँडी मॉरिसने चेस्टरफिल्डचा पहिला गोल केला. काही मिनिटांतच गोलरक्षकाने मॉरिसलाच पाडलं आणि रेफरी डेव्हिड एलरे यांनी पेनल्टी दिली. चेंडू ठेवायला पुढे आला तो कर्णधार. सेंटर-बॅक सहसा पेनल्टी घेत नाहीत. डाइशने घेतली आणि गोल केला. 2-0.

रावानेलीने एक गोल फेडला. त्यानंतर जे घडलं, ते चेस्टरफिल्डमध्ये आजही कुणी विसरलेलं नाही. जॉन हाउर्डचा फटका आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला लागला, चेंडू खाली आपटला आणि बाहेर आला. चित्रण थांबवून पाहा, चेंडू रेषेच्या आत पडलेला दिसतो. गोल मिळाला नाही. तो मिळाला असता तर 3-1. रेषेवरचं तंत्रज्ञान प्रीमियर लीगमध्ये आलं 2013 मध्ये, सोळा वर्षं उशिरा.

मग क्रेग हिग्नेटने पेनल्टीवर बरोबरी साधली. जादा वेळेत जियानलुका फेस्टाने मिडल्सब्रोला पुढे नेलं. शेवटच्या मिनिटाला जेमी ह्युइटने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. 3-3! नऊ दिवसांनी हिल्सबरोवर पुन्हा सामना झाला आणि चेस्टरफिल्ड 3-0 ने हरलं. तिसरी श्रेणी 1920 मध्ये सुरू झाली. तिथला एकही संघ आजवर या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला नाही. हे अकरा जण त्या उंबरठ्यापर्यंत गेले होते.

[दृश्य: ब्रिस्टल, मिलवॉल, वॉटफर्ड, नॉर्दॅम्प्टनच्या जर्सीतली छायाचित्रं]

त्यानंतरची दहा वर्षं झरझर सांगता येतात. ब्रिस्टल सिटी, मधे लुटनकडे उसना, मग मिलवॉल, वॉटफर्ड, शेवटी नॉर्दॅम्प्टन. चेस्टरफिल्डसह यातल्या चार क्लबांना तो असताना वरच्या श्रेणीत बढती मिळाली: 1995, 1998, 2001 आणि 2006. प्रीमियर लीगमध्ये मात्र तो खेळाडू म्हणून एकही सामना खेळला नाही. 2007 मध्ये बूट उतरवले आणि वॉटफर्डच्या तरुण मुलांना शिकवायला लागला.

जून 2011 मध्ये त्याच क्लबाचा तो मॅनेजर झाला. दुसऱ्या श्रेणीत अकरावा क्रमांक, त्या क्लबासाठी चार वर्षांतली सर्वोत्तम कामगिरी. त्याच उन्हाळ्यात इटलीच्या पोझो कुटुंबाने क्लब विकत घेतला, त्यांनी मॅनेजर म्हणून जियानफ्रँको झोलाला आणलं आणि डाइशला नारळ मिळाला. चांगलं काम करूनही नोकरी जाते, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं.

[दृश्य: बर्नली, गिरण्यांची धुराडी, टर्फ मूर]

30 ऑक्टोबर 2012. बर्नली.

हे लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं शहर. आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीत ज्या विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, ते लँकेशायरचं कापड विणणाऱ्या शहरांत बर्नलीचं नाव फार वर होतं. गिरण्या गेल्या, क्लब राहिला. 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक. 1921 आणि 1960 चा विजेता. शहराची वस्ती लाखाच्या आत आणि टर्फ मूर मैदानात माणसं मावतात साधारण बावीस हजार.

2013 च्या उन्हाळ्यात सर्वाधिक गोल करणारा चार्ली ऑस्टिन विकला गेला. बर्नली आता खाली जाणार, असंच बहुतेकांना वाटत होतं. त्या हंगामात डॅनी इंग्सने 21 आणि सॅम व्होक्सने 20 लीग गोल केले, 93 गुण झाले आणि दुसऱ्या क्रमांकाने बर्नली थेट प्रीमियर लीगमध्ये गेलं.

आता इथे पुण्याचा संबंध येतो. बर्नलीचा सख्खा वैरी म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स, पंधरा-वीस किलोमीटरवरचा शेजारी. 1995 चा प्रीमियर लीग विजेता असलेला हा क्लब नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला. त्या वेळी आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी मोठ्या अभिमानाने आली होती. 2012 मध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली आलं आणि पुढच्या एकाच हंगामात तिथे मॅनेजर स्टीव्ह कीन गेले, हेनिंग बर्ग आले आणि 57 दिवसांत गेले, मायकल ॲपलटन आले आणि 67 दिवसांत गेले. त्याच हंगामात शेजारच्या शहरात डाइशने काम सुरू केलं होतं.

9 मार्च 2014, ब्लॅकबर्नचं मैदान. जॉर्डन ऱ्होड्सच्या गोलने ब्लॅकबर्न पुढे. शेवटच्या वीस मिनिटांत जेसन शॅकेल, मग इंग्स. बर्नली 2-1. शेजाऱ्यावर 35 वर्षांत न मिळालेला विजय! बर्नलीच्या घराघरांत बापाने पाहिलेला, पण मुलाने कधीच न पाहिलेला दिवस होता तो.

पुढच्या वर्षी, मे 2015 मध्ये, बर्नली प्रीमियर लीगमधून बाहेर पडलं. योग असा की ज्या दिवशी हे ठरलं, त्या दिवशी ते हलमध्ये 1-0 ने जिंकले होते. बाकीचे निकाल आड आले. इंग्लंडमध्ये अशा वेळी मॅनेजर बदलायचा, ही जवळजवळ रीतच आहे. बर्नलीच्या संचालकांनी डाइशला ठेवलं. माझ्या मते या क्लबाच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हाच. वर्षभराने संघ पुन्हा 93 गुणांसह परतला, यावेळी विजेता म्हणून, शेवटचे 23 लीग सामने न हरता. प्रीमियर लीगचा पैसाही नुसता खेळाडूंवर उधळला नाही. कॅल्डर नदीकाठच्या गॉथॉर्प इथे सरावाचं नवं केंद्र उभं राहिलं, 2017 मध्ये. ते व्हावं म्हणून डाइश सतत मागे लागलेला असायचा.

[दृश्य: सराव मैदान, बचावफळी ओळीत सरकताना]

आता त्याच्या कामाकडे जरा जवळून पाहू, कारण त्याची खरी विद्या इथे आहे.

चार बचावपटूंची एक ओळ. पुढे चार जणांची दुसरी ओळ. दोन्हींमधलं अंतर इतकं कमी की मधे उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू घेऊन वळायला जागा मिळू नये. चेंडू डावीकडे गेला की आठही जण डावीकडे सरकणार, कबड्डीत साखळी धरलेले पकडपटू सरकतात तसे. मैदानाच्या कडा मोकळ्या सोडायच्या. तिथून क्रॉस, म्हणजे गोलसमोर उंच मारलेले चेंडू, येतील, येऊ द्यायचे. ते परतवायला बेन मी आणि जेम्स टार्कोव्स्की आहेत. समोरच्याने फटका मारायला पाय मागे नेला की झेप घ्यायची नाही, खाली बसायचं नाही. चेंडू आणि गोल यांच्या मधल्या रेषेत जायचं, हात पाठीमागे, अंग पुढे. गोलरक्षकाला ठाऊक असतं की अर्धा गोल सहकाऱ्याने झाकला आहे. उरलेला अर्धा त्याचा.

2017-18 मध्ये आकडेतज्ज्ञ बुचकळ्यात पडले. बर्नलीवर इतके फटके बसत असताना गोल इतके कमी कसे? त्यांची गणितं सांगत होती की याहून बरेच जास्त व्हायला हवेत. अनेकांनी ते नशिबावर ढकललं. पण फटका मारणाऱ्याच्या समोर तीन-तीन माणसं उभी करणं हे नशीब नव्हे. ज्या खेळाडूला आयुष्यभर आपल्याहून वेगवान, आपल्याहून महागड्या आक्रमकांना तोंड द्यावं लागलं, त्याने स्वतः वापरलेली युक्ती तो शिकवत होता: पळण्याच्या शर्यतीत उतरूच नका, आधीच योग्य जागी उभे राहा.

त्या हंगामाची सुरुवात झाली गतविजेत्या चेल्सीला त्यांच्याच मैदानावर 3-2 ने हरवून. शेवट झाला सातव्या क्रमांकावर. 36 गोल केले, 39 खाल्ले, 54 गुण. केलेल्या गोलांहून खाल्लेले गोल जास्त, आणि तरी सातवे! 51 वर्षांनी बर्नली युरोपच्या स्पर्धेत गेलं. आबर्डीन आणि इस्तंबूलच्या बशाकशेहिरला हरवून ग्रीसच्या ऑलिंपियाकोसपाशी वाट संपली. शहरातल्या ‘प्रिन्सेस रॉयल’ नावाच्या पबने स्वतःचं नाव बदलून ‘रॉयल डाइश’ केलं.

त्याच्या खेळावर टीका खूप झाली. लांब चेंडू, उंच आक्रमक, कंटाळवाणं फुटबॉल. टीका अगदीच खोटी नव्हती. बर्नलीचे काही सामने पाहणं जड जायचं. पण निक पोप नावाचा गोलरक्षक, जो कधीकाळी बरी टाउन या छोट्या संघात खेळत होता, तो याच संघातून 2018 च्या विश्वचषकासाठी इंग्लंडच्या चमूत गेला. मायकल कीन आणि टार्कोव्स्की इथूनच इंग्लंडकडून खेळले. आणि 21 जानेवारी 2021 रोजी याच कंटाळवाण्या संघाने अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलला 1-0 ने हरवलं. घरच्या मैदानावर सलग 68 लीग सामने न हरलेलं लिव्हरपूल.

[दृश्य: रिकामं टर्फ मूर, एप्रिल 2022]

2020 च्या अखेरीस क्लबाचे मालक बदलले. जानेवारी 2022 मध्ये मुख्य आक्रमक ख्रिस वुड न्यूकॅसलला विकला गेला. 15 एप्रिल 2022, गुड फ्रायडे. आठ सामने बाकी असताना डाइशला काढण्यात आलं, साडेनऊ वर्षांनंतर. हंगामाच्या शेवटच्या दिवशी बर्नली खाली गेलं. नंतर नवा मॅनेजर व्हिन्सेंट कोंपनीने अगदी वेगळ्या, देखण्या खेळाने 101 गुण मिळवून संघाला परत वर आणलं. ते यशही तितकंच खरं. पण वर गेल्यावर तो संघ एकाच हंगामात पुन्हा खाली आला. वर टिकून राहणं किती अवघड होतं, ते बर्नलीकरांना तेव्हा नव्याने दिसलं.

[दृश्य: गुडिसन पार्क]

जानेवारी 2023 मध्ये एव्हर्टनने त्याला बोलावलं. 1954 पासून कधीच खाली न गेलेला हा क्लब तेव्हा तळाशी होता. पहिल्याच सामन्यात टार्कोव्स्कीच्या हेडरवर आर्सेनल हरलं, तेव्हा ते अव्वल स्थानी होतं. 28 मे रोजी, शेवटच्या दिवशी, अब्दुलाय डुकुरेच्या एका गोलावर बोर्नमथला हरवून एव्हर्टन वाचलं.

पुढचा हंगाम आणखी विचित्र. आर्थिक नियम मोडल्याबद्दल क्लबाचे 10 गुण कापले गेले, अपिलात ते 6 झाले, मग दुसऱ्या प्रकरणात आणखी 2 गेले. खेळाडूंनी मैदानावर 48 गुण कमावले, तक्त्यात दिसले 40. ज्या चुकीशी त्या मुलांचा काही संबंध नव्हता तिची भरपाई ते आठवड्यामागून आठवडे करत होते, आणि तरी संघ तगून राहिला.

9 जानेवारी 2025 रोजी एव्हर्टननेही त्याला निरोप दिला; गोल आटले होते, संघ पुन्हा खाली घसरत होता. पण त्याआधीच्या, गुण कापलेल्या हंगामाचा तक्ता एकदा काढून पाहा. गोल खाल्लेल्यांच्या रकान्यावर बोट ठेवा. एव्हर्टन: 51. त्याहून कमी गोल खाल्लेले फक्त तीन संघ आहेत, मँचेस्टर सिटी, आर्सेनल आणि लिव्हरपूल.