साताऱ्याचे शेवटचे छत्रपती कोण?

मंडळी, पत्रिकेवर छापलंय 'सातारा खालसा कसं झालं'. तिकडे वळतोच, पण त्याआधी एक जुनी गोष्ट सांगू द्या, मला ती अजून बोचते. सातवीत असताना इतिहासाच्या पेपरात प्रश्न होता, साताऱ्याचे शेवटचे छत्रपती कोण? मी लिहिलं, शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. आजोबांनी तसंच सांगितलं होतं. गुरुजींनी लाल शाईने फुली मारून शेजारी लिहिलं, 'प्रतापसिंह'. मी पेपर घेऊन टेबलाशी गेलो, तर म्हणाले, "इंग्रजांपुढे जो वाकला नाही तोच शेवटचा. दुसऱ्याचं नाव कशाला?" मार्क गेला, त्याचं दुःख नाही. पण तेच वाक्य मी पुढे किती सभांत ऐकलं!

प्रतापसिंह महाराज थोर होते, यात वादच नाही. ऑगस्ट 1839 मध्ये मुंबईचा गव्हर्नर कार्नॅक साताऱ्याला आला आणि म्हणाला, कबुलीवर सही करा, गादी राहील. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरकर भोसल्यांशी खलबत, पलटणीतल्या शिपायांना फितवणं, असे आरोप होते. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरात त्यांना गादीवरून काढलं आणि पुढे काशीला धाडलं. 1847 मध्ये ते तिथेच वारले. ही सही न करण्याची गोष्ट मी शंभरदा सांगेन.

पण गादीवर मग धाकटे भाऊ आप्पासाहेब बसले. त्यांनी इंग्रजांशी कधी वाकडं घेतलं नाही, 1839 मध्येच राज्यात सतीबंदी केली. मला त्यांच्याबद्दल आस्था आहे ती यासाठीच. थोरला भांडला आणि हद्दपार झाला, धाकटा मिळतं घेऊन राहिला आणि राज्यच गेलं. दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय ईस्ट इंडिया कंपनीचं धोरण कळत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगतो. 5 एप्रिल 1848 ला आप्पासाहेब वारले. मरणाआधी काही तासच त्यांनी व्यंकोजींना दत्तक घेतलं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीला हिंदुस्थानात येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. 1819 च्या कंपनीशी झालेल्या तहात राज्य राजाला आणि त्याच्या वारसांना निरंतर दिलेलं होतं. डलहौसीचं म्हणणं, हे राज्य आम्ही निर्माण केलेलं, म्हणून दत्तकाला आमची मंजुरी हवी. दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, गादी नाही. बघा, त्याच विधीने तो मुलगा घरात मुलगा ठरतो आणि दरबारात परका! मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने दत्तक मान्य करा असं लिहिलं होतं, तेही चाललं नाही. 1849 च्या जानेवारीत कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी सातारा खालसा करण्यावर शिक्कामोर्तब केलं. हाच दाखला पुढे झाशी आणि नागपूरवर चालवला.

थोरल्या महाराजांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी गुप्ते 1853 पर्यंत लंडनमध्ये अर्ज करत राहिले. ते परतले तेव्हा ज्या गादीसाठी भांडायचं ती गादीच उरली नव्हती. 1857 च्या उठावात साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला, त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता.