घाट निवडायचा तो उतार बघून

मंडळी, डोंगरातल्या लहान गावाला जायला बहुधा दोन रस्ते असतात. एक रुंद, कमी वळणांचा. दुसरा नागमोडी, देखणा. फोटो बघितले की दुसराच ठरतो. ठरवा, हरकत नाही. पण आधी उतार बघा. चढाला गाडी फार तर तापते आणि थांबते. उताराला ती थांबलीच नाही तर काय, हा खरा प्रश्न आहे.

समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा उघडा. दोन रेषांत 20 मीटर उंचीचा फरक असेल आणि एक किलोमीटर रस्त्याने चार रेषा ओलांडल्या असतील, तर 80 मीटर चढ झाला, म्हणजे 8 टक्के. पाच-सहा टक्क्यांचा घाट आरामाचा. आठच्या पुढे, आणि तोही सलग सात-आठ किलोमीटर, म्हणजे ब्रेकची परीक्षा.

ही परीक्षा किती मोठी? 1500 किलोची गाडी 1000 मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे 147 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात चाळीसहून जास्त लिटर पाणी उकळेल! थोडी ऊर्जा हवा आणि टायर खातात. उरलेली इंजिन खाणार की ब्रेक, हे तुमचा गिअर ठरवतो. म्हणून ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत गिअर हाताने खाली घ्या. इलेक्ट्रिक गाडी असेल तर माथ्यावर बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज परत घ्यायला जागाच नसते.

पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरणारे दोन प्रकारे अडकतात. पॅड तापले की पेडल कडक राहतं, पण गाडी आवरत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ होऊन तळाला जातं, कारण आत वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 वर येते. ते हवेतली ओल शोषत राहतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. जळका वास आला की रुंद जागी थांबा, चाकाला दगड लावा, ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. आणि निघताना तो दगड उचलून कडेला ठेवा; रस्त्यात सोडलेला दगड मागच्या गाडीच्या चाकाखाली येतो.

इंधन वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे अजूनही भेटतात. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होतो, स्टेअरिंगही जड होतं.

आता देखावा. वाहतूक डावीकडून असेल तर दरी डावीकडे असताना तुम्ही तिच्या कडेला असता, उजवीकडे असताना डोंगराला चिकटून. एकाच कुशीतून आडवा जाणारा रस्ता दरी सलग दाखवतो. हेअरपिन वळणांच्या जिन्यावर बाजू दर वळणाला बदलते आणि चालकाला दिसतं ते पुढचं वळणच. म्हणून फोटोतल्या वळणांपेक्षा नकाशावर समोच्च रेषांना समांतर धावणारा पट्टा शोधा. सूर्य समोर येईल अशी वेळ टाळा. निघा सकाळी, दुपारी ऊन चढलं की दरीतली हवा वर सरकते आणि ढग माथ्यावर बसतात.

वेळेचा हिशेब ताशी 25-30 किलोमीटरने करा, म्हणजे 60 किलोमीटरच्या घाटाला दोन ते अडीच तास. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला साइड द्या. पावसानंतर लगेच दरडीच्या पट्ट्यात शिरू नका.

आणि दोन्ही रस्ते मिळून फेरा होत असेल, तर तीव्र घाट चढायला ठेवा, सौम्य उतरायला. तीव्र घाटाची दरी उतरतानाच तुमच्या बाजूला येत असेल, तर चढताना वाटेतल्या रुंद जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर टाका, खाली उतरा आणि निवांत बघा.