चौकशी करणारा आणि चौकशी लावणारा

मित्रहो, मराठीत ‘चौकशी’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या अर्थांनी चालतो. आजारी माणसाच्या घरी जाऊन आपण त्याची चौकशी करतो, आणि कामात चूक झाली की एखाद्याच्या मागे चौकशी लावतो. वरिष्ठाने प्रश्न विचारला की हाताखालच्या माणसाला त्यात यांपैकी कोणती चौकशी ऐकू येते, हे त्या वरिष्ठाच्या आजवरच्या वागणुकीवरून ठरते. म्हणूनच कुतूहल आणि चारित्र्य हे नेतृत्वाचे दोन वेगळे गुण आहेत, असे मी मानत नाही.

कोकण रेल्वेचे मुख्यालय इथे बेलापुरातच आहे, तेव्हा ती उभारणारे इंजिनिअर ई. श्रीधरन यांची आठवण होणे साहजिक आहे. १९९० साली या प्रकल्पाची धुरा हाती घेण्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणाऱ्या पांबन पुलाचे गर्डर वाहून गेले. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरवली होती. श्रीधरन यांच्या हाताखाली ते काम ४६ दिवसांत पुरे झाले. ते कौशल्य आणि ती जिद्द सर्वज्ञात आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. गर्डर समुद्राच्या तळाशी पडले आहेत, ही खबर मच्छीमारांकडून आली, आणि बत्तीस वर्षांच्या त्या इंजिनिअरने तिच्यावर विसंबून ते वर काढून पुन्हा बसवले.

माझा स्वतःचा अनुभव याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातला आहे. पावसाळ्यात रात्रपाळीत भरलेल्या पाकिटांची सील सुटू लागली. तीन आठवडे मी सर्वांसमोर एकच प्रश्न विचारत होतो : ‘मशीनवर कोण होतं?’ साहजिकच कोणी तोंड उघडले नाही. अखेर एका रात्री मी स्वतः मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. उकाड्यामुळे बाजूचे शटर हातभर वर घेतलेले होते, आणि बाहेरचा ओला वारा थेट सीलिंगच्या तापलेल्या पट्टीवर येत होता. ऑपरेटरला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ‘साहेब, सांगितलं असतं, तर शटर कोणी उघडलं, हे आधी विचारलं असतंत,’ तो म्हणाला.

तो खरे बोलत होता. शिवाय, एक्झॉस्ट पंख्यासाठी कामगारांनी दिलेला अर्ज उन्हाळ्यापासून माझ्याच टेबलावर पडून होता. अहवालात ‘कारण’ या रकान्यापाशी माझे पेन बराच वेळ अडले. शटरचा उल्लेख करून मी मोकळा होऊ शकलो असतो. शेवटी मी अर्जाची तारीख लिहिली, तो मंजूर न केल्याचे लिहिले, आणि त्याखाली सही केली. अहवालाची प्रत फलकावर लावली.

काही दिवसांनी तोच ऑपरेटर पाळी संपल्यावर घरी न जाता माझ्या दाराशी थांबला होता. दुसऱ्या मशीनच्या बेअरिंगचा आवाज बदलला आहे, एकदा येऊन ऐका, असे त्याला सांगायचे होते.